‘धोटा’चं चौथं गाणं

१

अल्बम शुक्रवारी यायचा होता आणि त्याच्यावरची टीका मंगळवारीच छापून आली. पोर जन्मायच्या आधीच कुणीतरी त्याच्या नाकाडोळ्यांना नावं ठेवून गेलं, असा प्रकार. आरोही सकाळी सकाळी मोबाइल घेऊन आत्याच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, आणि ते तिला ठाऊकही नव्हतं.

आत्या म्हणजे विनोदिनीबाई. बेळगावच्या कोर्टात दिवाणी वकिली करता करता केस पिकलेल्या. दिवसभर कन्नडात युक्तिवाद करायच्या आणि घरी येऊन मराठीत भांडायच्या. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे हक्कानं भांडायला धाकटा भाऊ केशव आणि त्याची ही लेक, एवढीच माणसं. भाचीचं गाणं म्हणजे त्यांच्या मते विजेवर चालणारा गोंधळ. पण तीच भाची डोळे सुजवून आल्यावर बाईंचं काळीज हललं. त्यांनी तिला बसवलं, चहा दिला आणि पक्षकाराला सांगतात तसं सांगितलं, की रडणं नंतर, आधी पहिल्यापासून बोल.

प्रकरण असं होतं. चौघांचा बँड, नाव ‘धोटा’. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळणारा तो लाकडी धोटा. आरोही गाणारी. निपाणीचा सौरव गिटारवर. शहापूरचा श्रीनाथ बेस गिटारवर, आणि रेकॉर्डिंगही तोच बघायचा. ड्रमवर जवळच्याच मच्छे गावचा आदर्श. खासबागेत, विणकरांच्या वस्तीत, केशवचे दोन यंत्रमाग होते. त्या शेडच्या मागच्या खोलीत पोरं दोन वर्षं तालीम करत होती. तिथं आवाजाची तक्रार येत नसे, कारण तक्रार करायला कुणाच्या कानात जागाच उरलेली नसे. आता त्यांचा पहिलावहिला अल्बम तयार झाला होता, ‘उभे-आडवे’, सात गाण्यांचा. बेंगळुरूची एक छोटी कंपनी तो काढणार होती.

आणि आज ‘नादपट’ नावाच्या पुण्याच्या वेबमासिकात ‘एक श्रोता’ अशा सहीनं त्याचं परीक्षण. जो अल्बम अजून कुणी ऐकलेलाच नाही, त्याचं. कंपनीच्या माणसाचा तासाभरात फोन आला होता. अल्बम आधीच बाहेर फुटलाय, कुणी फोडला ते गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर करार संपला.

विनोदिनीबाईंनी चष्मा लावला आणि वाचू लागल्या.

‘या पोरांच्या हातात जोर आहे, पण दुसऱ्याचे कपडे घालून मिरवायची हौसही आहे. गाणारी मुलगी बहुतेक गाण्यांत कुणाची तरी नक्कल करते. गिटारवाल्याला बोटं कुठं थांबवावीत हे अजून कळलेलं नाही. ढोलवाला मात्र पक्का. मागाच्या खडखडाटातूनही त्याचा ठोका सुटत नाही. चौथ्या गाण्यात मध्येच माग थांबतो आणि मुलीचा आवाज एकटा उरतो. तेवढ्यापुरती ती स्वतःच्या गळ्यानं गाते. त्या एका गाण्यासाठी बाकीची सहा माफ.’

‘मग यात माग कुठला?’ बाईंनी विचारलं. आरोही वैतागून म्हणाली, की तेच तर, अल्बममध्ये मागाचा आवाज कुठंच नाही. आणि चौथं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता धिंगाणा आहे, त्यात एकट्या आवाजाची जागाच नाही. असे असतात टीकाकार, निम्मं झोपेत ऐकतात.

पण अल्बम कुणी फोडला हे बँडनं आधीच ठरवून टाकलं होतं. दोघांना चिमटे आणि एकाचीच पाठ थोपटलेली, म्हणजे काम त्या एकाचं. आरोहीनं सकाळीच आदर्शला फोन करून सांगितलं होतं, की पुन्हा खोलीत पाऊल टाकू नकोस. तो नुसतं ‘बरं’ म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

‘शाबास. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची एवढी घाई आमच्या कोर्टालासुद्धा नसते,’ विनोदिनीबाई म्हणाल्या. मग चष्मा पुसत स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, ‘चुकणारा साक्षीदार मला फार आवडतो. तो काय चुकला ते नीट बघितलं, की तो कुठं उभा होता ते कळतं.’

२

शहापूरच्या गल्लीत श्रीनाथच्या माडीवर वायरींचं जाळं होतं. त्यात पाय न अडकवता खुर्चीपर्यंत पोचणं ही विनोदिनीबाईंची पहिली परीक्षा. श्रीनाथ सरळ पोरगा, पण दुखावलेला. आणि दुखावलेला कशानं, तर परीक्षणात त्याचं नावच नव्हतं. बाकी सगळ्यांबद्दल काही ना काही लिहिलंय, म्हणाला, मला निदान एक शिवी तरी द्यायची. दोन वर्षं बेस वाजवतोय, तो या माणसाला ऐकूच आला नाही काय.

बाईंनी ते मनात ठेवलं आणि गाणी कशी रेकॉर्ड केली ते विचारलं. अमावस्येला, तो म्हणाला. एरवी खासबागेत दिवस उजाडला की माग सुरू, शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. अमावस्येला मात्र माग बंद ठेवायची रीत. सगळी गल्ली गप्प असते. केशवअण्णाही त्या दिवशी निपाणीपलीकडं कुलदैवताला जातात, शेडची किल्ली आमच्याकडं देऊन. सातही गाणी अशा सातआठ अमावस्यांना केलेली. त्यात मागाचा आवाज येईलच कसा?

आणि तालमीला? तालमीला माग चालू असतात, पण आम्ही चौघंही कानात यंत्रं घालून वाजवतो, त्यात फक्त आमचीच वाद्यं ऐकू येतात. बाहेर बाँब पडला तरी कळायचं नाही, असं सांगून तो हसला.

‘आणि गाण्यांचा क्रम?’

हा प्रश्न त्याला अनपेक्षित होता. त्यानं सांगितलं, की क्रम बदललाय. ‘दिवेलागण’ नावाचं एक शांत गाणं आहे, आरोहीच्या आईच्या गुणगुणण्यावरून तिनं केलेलं. तालमीत ते पहिल्यापासून चौथं असायचं. फाइल कंपनीला पाठवायच्या दिवशी मी ते उचलून सर्वांत शेवटी टाकलं. आणि त्यातच एक जागा आहे जिथं सगळी वाद्यं थांबतात आणि आरोही एकटी गाते.

विनोदिनीबाईंनी परीक्षण पुन्हा एकदा वाचलं. म्हणजे टीकाकार झोपेत नव्हता. त्यानं अल्बम ऐकलेलाच नव्हता. तालीम ऐकली होती. फाइल फुटलेली नाही, असं त्या म्हणाल्या तेव्हा श्रीनाथचा चेहरा आधी उजळला आणि लगेच उतरला.

‘पण आत्या, तालमीला आमच्या चौघांशिवाय कुणी नसतं,’ तो म्हणाला. ‘म्हणजे आमच्यातलाच की.’

३

बुधवारी निपाणीच्या कोर्टात बाईंची तारीख होती. ती पुढं ढकलली गेली, हे नवल नाही. त्या तिथून सौरवच्या वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. सौरव खिळ्यांची पुडी बांधता बांधता बोलत होता. बोटं कुठं थांबवावीत कळत नाही हे वाक्य त्याला फार झोंबलेलं दिसलं. आदर्शवर त्याचा राग जुना होता, कारण क्रम बदलला तेव्हा आदर्श एकटाच भांडला होता. ‘दिवेलागण’ शेवटी गेलं तर लोक तिथवर पोचायचेच नाहीत, असं त्याचं म्हणणं.

माग मध्येच थांबतो म्हणजे काय असेल, असं बाईंनी सहज विचारलं. करंट गेला असेल, सौरव म्हणाला. मग स्वतःच थबकला. करंट गेला असता तर माझी गिटारही गप्प झाली असती आणि आम्ही सगळे थांबलो असतो. तसं त्या गाण्यात कधी झालेलं आठवत नाही. म्हणजे माग कुणीतरी हातानं थांबवत होतं. हे त्याला सुचलं नाही, बाईंना सुचलं, आणि त्यांनी ते पोटात ठेवलं. वेळ फार नव्हता. उद्या संध्याकाळपर्यंत नाव सांगायचं, नाहीतर दोन वर्षांची मेहनत पाण्यात, आणि एका पोराच्या कपाळावर आयुष्यभराचा डाग.

परतताना बेळगाव ओलांडून त्या तशाच पुढं मच्छ्याला गेल्या. आदर्श तिथल्या एका कारखान्यात लेथवर होता. घरची शेती भाऊ बघायचा. शिफ्ट सुटली, पोरं बाहेर पडली, आणि शेवटी आदर्श आला. बाईंना बघून त्यानं आधी वाकून नमस्कार केला, मग चहा सांगितला. रागावलेला माणूस असा वागत नाही. हा खचलेला होता.

त्यानं लिहिलं का, असं बाईंनी सरळच विचारलं. मला लिहायचं असतं तर सौरवला तोंडावर सांगितलं असतं, तो म्हणाला, आणि सांगितलंय पण. मग बाईंनी विचारलं, की तूसुद्धा कानात यंत्र घालून वाजवतोस ना? तर तो मान खाली घालून म्हणाला, की नाही. घालतो, पण एक काढून ठेवतो. मागाचा ठेका एका लयीत चालतो, त्याला धरून वाजवलं की हात पळत नाही. श्रीनाथला सांगू नका, तो ओरडेल.

‘मग चौथ्या गाण्याला?’

आदर्शनं चहाचा कप खाली ठेवला.

‘कोन आसंल त्ये मला वाटतंय, आत्या,’ तो म्हणाला. ‘पर मी सांगणार न्हाय. माझं नाव गेलं तर गेलं. त्या मानसाच्या मनात वंगाळ काय न्हवतं.’

विनोदिनीबाईंनी त्या पोराकडं बघितलं. आपली भाची या पोराला चोर म्हणाली आणि हा कुणाला तरी पाठीशी घालून गप्प बसलाय. त्यांनी त्याला तासाभरात खासबागेत यायला सांगितलं. तो नको म्हणाला. वकील म्हणून नाही सांगत, आत्या म्हणून सांगते, एवढंच त्या म्हणाल्या, तेव्हा तो उठला.

४

चौघांना जमवणं सोपं नव्हतं; सौरवला तर बाईंनी निपाणीच्या दुकानातून निघतानाच संध्याकाळी खासबागेत यायला बजावलं होतं. आदर्शला दारात बघून सौरवनं तोंड फिरवलं. आरोहीनं आत्याकडं असं बघितलं, की जणू आत्याच विरुद्ध पक्षाला जाऊन मिळाली. विनोदिनीबाईंनी कुणाचं ऐकून घेतलं नाही. ‘साकू’, पुरे आता, असं कन्नडात दटावून त्यांनी सांगितलं, की जुन्या क्रमानं, रोजच्यासारखी तालीम करायची, आणि चार गाणी झाल्याशिवाय कुणी कुणाशी बोलायचं नाही.

आणि स्वतः मात्र खोलीत बसल्या नाहीत. भिंतीच्या अलीकडं, शेडमध्ये, केशवजवळ स्टूल ओढून बसल्या.

केशव दोन्ही मागांच्या मधल्या बोळात उभा होता. गेली कित्येक वर्षं बाईंनी भावाला असंच बघितलं होतं, पाठमोरा. तरुणपणी हा गाण्याची एक बैठक चुकवायचा नाही, आणि गवई कुठं घसरला ते दुसऱ्या दिवशी चहावाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना ऐकवायचा. बायको गेली आणि तो मागांशिवाय कुणाशी बोलेनासा झाला. मागांनी त्याचा डावा कानही खाल्ला होता. आक्का कशाला आली, एवढं त्यानं उजवा कान पुढं करून विचारलं. बसायला आले, त्या ओरडून म्हणाल्या. त्यानं मान हलवली.

आत पहिलं गाणं सुरू झालं. दोन मागांच्या त्या खडखडाटात भिंतीपलीकडून काय येत होतं ते बाईंनी लक्ष देऊन ऐकलं. गिटारची खरखर यायची आणि जायची. आरोहीचा वरचा सूर यायचा. आदर्शचा ठोका स्पष्ट, एकही न सुटता. श्रीनाथचा बेस मात्र मागांनी गिळून टाकला होता, त्याचा मागमूस नव्हता. बिचाऱ्याला शिवी कशी मिळाली नाही ते आता त्यांना कळलं.

दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं सुरू झालं तसा केशव हळूहळू मागाच्या दांड्याजवळ सरकला. गाणं अर्ध्यावर आलं आणि त्यानं हात लावला. एक माग थांबला. मग वळून दुसरा. शेडमध्ये अशी शांतता पसरली, की छपरावरची कबुतरं ऐकू आली. भिंतीपलीकडं वाद्यं थांबली होती आणि आरोही एकटी गात होती, तिच्या आईसारखी, संध्याकाळी देवापुढं वात लावताना ती गुणगुणायची तसंच. केशव उजवा कान भिंतीकडं करून उभा होता.

वाद्यं पुन्हा सुरू झाली तेव्हा त्याला आक्काची आठवण झाली. तो घाईनं मागावर वाकला.

‘धागा तुटला,’ तो म्हणाला.

विनोदिनीबाई उठल्या. त्यांनी एका मागावरून हात फिरवला, मग दुसऱ्यावरून. साडीचे उभे धागे ताणलेले, अखंड होते.

‘दोन्ही मागांचा, केशव?’

५

पोरं शेडमध्ये आली. विनोदिनीबाईंनी केशवचं नाव घेतलं नाही. नुसतं कोडं उलगडलं. ज्यानं लिहिलं त्याला ‘दिवेलागण’ चौथं वाटतं, म्हणजे त्यानं अल्बम ऐकलेला नाही, तालीम ऐकली. त्याला माग ऐकू आले, म्हणजे तो कानात यंत्रं घालणाऱ्यांतला नाही. त्याला बेस ऐकू आला नाही, म्हणजे तो खोलीतलाच नाही, भिंतीच्या या बाजूचा. आणि त्याला वाटलं, माग थांबणं हा गाण्याचाच भाग आहे. अल्बम अमावस्येचा, हे ज्याला कळलं नाही, तो अमावस्येला इथं नसतोच. राहता राहिला आदर्श. त्यानं एक कान मोकळा ठेवला, आणि त्याला सगळं ठाऊक असून तो गप्प राहिला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिघांच्या नजरा एकदमच केशवकडं वळल्या.

केशव बोलायला लागला तो मागाकडंच बघत. त्याला वाटलं होतं, की दोन वर्षं गाताहेत म्हणजे अल्बम कधीचा आलाय. कधी आला, कुठं आला, हे लेकीला विचारायचं धाडस झालं नाही. मोबाइलवर ‘नादपट’ दिसलं, वाचकांनी लिहावं असं त्यात म्हटलं होतं, म्हणून रोज थोडं थोडं टाइप करून पाठवून दिलं. यात कुणाचा घात होईल हे त्याच्या डोक्यातही नव्हतं.

‘मला का नाही सांगितलंत, आप्पा?’ आरोहीनं विचारलं. ‘मला वाटायचं, तुम्हाला हे सगळं आवडतच नाही. तुम्ही ऐकतच नाही.’

‘काय सांगू? बापानं कौतुक केलं तर तू म्हननार, बापच हाय. चूक काढली तर म्हननार, ह्याला काय कळतंय,’ केशव म्हणाला. मग उजव्या कानाला बोट लावून म्हणाला, ‘लोकं ह्या कानानं ऐकत्यात आनि त्या कानानं सोडत्यात. मला सोडायला दुसरा कानच न्हाय, पोरी. जे ऐकलंय त्ये सगळं आतच हाय.’

आरोही त्याच्या गळ्यात पडून रडली. विनोदिनीबाईंनी तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला आणि कापसाचे तंतू उडतात इथं, असं कुणीही न विचारता सांगितलं.

मग आरोही आदर्शकडं गेली. माफ कर म्हणाली, मी तुला न विचारता शिक्षा दिली. तो म्हणाला, की जाऊ दे, पण आता ‘दिवेलागण’ चौथं ठेवा. सौरवनं त्याच्यापुढं हात केला. श्रीनाथला कान मोकळा ठेवल्याचं कळलं होतं, त्यामुळे तो दोन मिनिटं ओरडला, आणि मग तोही निवला. दोन्ही मागांचे धागे एकदम तुटल्याची केशवची थाप आत्यानं सांगितली तेव्हा तर सगळेच हसले.

कंपनीला फोन विनोदिनीबाईंनी केला. आपल्या पक्षकारांची एकही फाइल बाहेर गेलेली नाही आणि परीक्षण लिहिणाऱ्यानं अल्बम ऐकलेलाच नाही, हे त्यांनी अशा काही थाटात मांडलं, की पलीकडचा माणूस शेवटी ‘येस मॅडम’वर आला. करार टिकला. पण आरोहीनं फोन मागून घेतला आणि सांगितलं, की शुक्रवार नको, एक महिना द्या. एक गाणं आम्हाला पुन्हा करायचंय. या वेळी अमावस्येला नाही, चालत्या मागांवर.

महिन्यानं ‘उभे-आडवे’ आला. कुणी तारीफ केली, कुणी म्हणालं पोरं अजून कच्ची आहेत. बेंगळुरूच्या एका पेपरानं ड्रमवाल्यावर एक अख्खा परिच्छेद लिहिला आणि मच्छ्यात पेढे वाटले गेले. एकानं बेसचा नुसता उल्लेख केला, तर श्रीनाथनं ते चारदा वाचून दाखवलं. ‘नादपट’नंही आता आपला पगारी टीकाकार बसवून रीतसर परीक्षण छापलं. ते केशवनं शेडमध्ये उभ्यानं वाचलं आणि त्याच्या कपाळाची शीर तटतटली. त्यात म्हटलं होतं, की चौथं गाणं चांगलं असूनही त्याच्या पाठीमागं कसल्यातरी यंत्राचा गोंगाट आहे, तो ऐन मोक्याच्या जागी बंद पडतो, आणि पहिल्याच अल्बममध्ये ध्वनिमुद्रणाचा एवढा ढोबळ दोष राहावा ही खेदाची गोष्ट आहे.

याला काय ऐकू येतंय काय, असं पुटपुटत केशव मोबाइलवर उत्तर टाइप करायला बसला. आरोहीनं त्याच्या हातातून मोबाइल अलगद काढून घेतला.

‘राहू दे आप्पा,’ ती म्हणाली. ‘त्यांना सांगू, धागा तुटला होता.’